दृष्टांतातला माणूस

पुस्तकाचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझ्यामुळे त्याची आणखी एक प्रत खपायला नको. हेरकथा आहे, हाताला जड आहे, मुखपृष्ठावर काळा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर लाल दिवा आहे, एवढं पुरे. लिहिणारा अमृत, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पहिल्या पानावर त्याने शाईने लिहून पाठवलं होतं, ‘मावशीला, जिच्या घरी मी ऐकायला शिकलो.’ ते वाचून मला भरून आलं. पुस्तक देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि दुपारची कामं उरकून वाचायला बसले. आता त्या हळदकुंकवाचाही राग येतो.

आधी खरं ते सांगते. पुस्तक वाईट नाही. मी जन्मभर शाळेत शिकवलं, वाचनालयातून पुस्तकं आणून वाचायची सवय जुनी, त्यामुळे कुठलं पुस्तक माणसाला धरून ठेवतं ते मला कळतं. हे ठेवतं. दिल्लीहून आलेला रणजित नावाचा हेर टोमॅटोचा व्यापारी बनून नारायणगावच्या बाजारात फिरतो. क्रेट उचलताना त्याचे मऊ तळवे बघून एका हमालाला शंका येते, तिथे मी गॅसवर दूध ठेवलंय हे विसरले आणि पातेलं करपलं. मुरगळलेल्या पायाने तो नाणेघाट उतरतो तेव्हा माझाच घोटा दुखायला लागला. चांगला कीर्तनकार बोलता बोलता इतका लांब जातो की आपल्याला वाटतं, आता हा काही परत येत नाही. आणि तो नेमका अभंगाच्या धरलेल्या चरणावर येऊन उभा राहतो. अमृतला ते जमलंय. खोडदला आकाशातले आवाज ऐकणाऱ्या मोठाल्या तबकड्या आहेत ना, तशाच तबकड्या पुस्तकात आहेत, फक्त गावाचं नाव बदललंय. त्यांची गुपितं कुणीतरी बाहेर पाठवतंय आणि ते कोण, हे रणजितला शोधायचंय.

मग सप्ताह येतो. एका वाडीतल्या देवळापुढे सात दिवसांचा हरिनाम सप्ताह. वाडीचं नाव बदललंय, पण आमची वाडी मी ओळखणार नाही होय? बोरी बुद्रुकच्या वाटेवरची आमचीच वाडी. मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक थापणारे हात, बुक्क्याचा वास, मागे बसून लसूण सोलता सोलता कीर्तन ऐकणाऱ्या बायका, सगळं त्याने असं लिहिलंय की मी चष्मा काढून डोळे पुसले. मला कीर्तनाचं वेड आहे. सांगणारा बरा असला तर मी शिरोलीपासून घोडेगावपर्यंत कुठेही जाते. म्हणून सांगते, कीर्तनावर इतकं मायेनं लिहिलेलं मी कथा-कादंबरीत वाचलेलं नव्हतं.

आणि त्याच प्रकरणात, पान उलटल्यावर, माईकवाला मकबूल येतो.

मकबूल जुन्नरचा. पिवळ्या स्कूटरला मागे लोखंडी पेटी बांधून येतो. डाव्या अंगठ्याचं नख काळं. आणि माईक तपासताना फुंकर मारत नाही, नखाने टिचक्या देतो. त्या टिचक्या म्हणजे सांकेतिक खुणा, असं पुस्तकात आहे. कर्ण्यातून त्या डोंगरापलीकडे जातात आणि तिथे बसलेला माणूस त्या लिहून घेतो. देवळाच्या कळसाशेजारी बांधलेल्या कर्ण्यातून देश विकला जातो आणि खाली बसलेल्या भोळ्या माणसांना वाटतं, माईक तपासणं चाललंय.

पिवळी स्कूटर मेहबूबची. काळं नख मेहबूबचं. जुन्नरच्या बाजारात त्याचं रेडिओ, पंखे, मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे आणि आमच्या सप्ताहाला माईक त्याचाच असायचा. तो टिचक्या का मारतो, हे मी त्याला एकदा विचारलं होतं. म्हणाला, जिथं महाराजांच्या तोंडातून देवाचं नाव यायचं, तिथं आपली फुंकर कशाला, आक्का. आमच्यातल्या किती जणांना हे सुचलं असतं? अमृत तेव्हा शेजारीच उभा होता, चौथी-पाचवीत असेल. त्याने ऐकलं. ऐकायला शिकलो म्हणतो ना, ते हे.

तरीही इथपर्यंत मी स्वतःला समजावलं असतं. लेखक म्हटला की कुणाचं नख, कुणाची स्कूटर उचलणारच. पण चार पानं पुढे गेले आणि हे वाचलं: ‘मकबूलला पूर्वी एकदा चौकीत नेलं होतं. पुरावा मिळाला नाही. पुरावा न मिळणं, हीच त्याची हुशारी होती.’

मी पुस्तक मिटलं. ही गोष्ट अमृतला कुठून कळली, ते मला माहीत होतं. माझ्याच घरातून.

आमच्याकडे पद्धत अशी. सप्ताहात येणाऱ्या कीर्तनकार महाराजांचं जेवण पहिल्यापासून आमच्या घरी. महाराज पाटावर बसले की भात कालवता कालवता घरच्या बाईला विचारतात, ‘आज काय टाळायचं?’ म्हणजे असं, की महाराज बाहेरगावचे. त्यांना काय माहीत, समोर कोण बसलंय. दारूड्याचा दृष्टांत द्यावा आणि पुढच्या रांगेत नेमकी त्याच दुःखाची बाई असावी, असं होऊ नये. म्हणून आधी विचारून घेतात. मी सांगायची: अमक्याची सून नांदत नाही, सासुरवाशिणीचा दृष्टांत नको. तमक्याचा मुलगा विहिरीत गेलाय, विहिरीचं नाव काढू नका. महाराज मान हलवतात आणि त्या दिवशी तो दृष्टांतच बदलतात. समोरच्यांना पत्ताही लागत नाही, की आपल्याला कुणी जपलंय.

आणि दरवर्षी मी एक गोष्ट न चुकता सांगायची: चौकीचा, तुरुंगाचा, खोट्या आळाचा दृष्टांत देऊ नका. आमच्या माईकवाल्याला फार लागतं.

खूप वर्षं झाली त्याला. लांबच्या कुठल्याशा शहरात स्फोट झाले आणि ज्यांच्या दुकानात वायरी आणि बॅटऱ्या, त्यातल्या काही जणांना चौकशीला नेलं. त्यात मेहबूब. नेमका आमच्या सप्ताहाच्या आदल्या दिवशी. आमच्या वाडीची माणसं, त्यांत माझे मालकही, टेंपोत बसून गेली आणि त्याला घेऊन आली. घरी आल्यावर सगळ्यांनी ठरवलं, की हा विषय कुणी काढायचा नाही. त्याच्यापुढे नाही, पोराबाळांपुढे नाही. आणि वाडीने तो शब्द पाळला, अगदी पूर्ण पाळला.

फक्त सुट्टीत मावशीकडे आलेला अमृत महाराजांच्या शेजारच्या पाटावर बसून आमटीभात खात असायचा. काय टाळायचं ते मी महाराजांना सांगत होते, आणि हा पोरगा ते साठवत होता.

पुस्तक आमच्याकडे येऊन पंधरा दिवस झाले नसतील, तोवर त्यातल्या पानांचे फोटो मोबाइलवर फिरायला लागले. सगळं पुस्तक वाचलेला वाडीत माझ्याशिवाय एखादा असेल, पण ते मकबूलचं पान प्रत्येकाकडे होतं. लिहिणारा आपल्यातला, मग तो खोटं कशाला लिहील, असं पोरं म्हणायची. सप्ताहाची बैठक देवळात बसली तेव्हा तरुण मंडळाचा गोरख म्हणाला, की यंदा माईक मंचरहून आणू. गोरख माझाच विद्यार्थी, बहिरूचा मुलगा. कामाचा पोरगा, मंडपाच्या बांबूपासून पंगतीच्या मिठापर्यंत सगळं तो बघतो. मी विचारलं, कारण काय? तो आधी म्हणाला, नवीन सेट आहे, आवाज चांगला. मी पुन्हा विचारलं, तेव्हा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बोलला.

“बाई, राग मानू नका. खरं-खोटं आपल्याला काय म्हाईत? पर त्याला पोलिसांनी न्हेलं व्हतं, हे तर खरं हाय ना? आमाला तर कुनी सांगितलंच नाय इतकी वर्सं.”

मी भिमाजीकडे बघितलं. भिमाजी समितीचा अध्यक्ष, पंच्याहत्तरीचा म्हातारा, त्या टेंपोत बसून गेलेल्यांतला. तो पानाला चुना लावत राहिला. मी त्याच्याकडे बघतेय हे त्याला कळत होतं, म्हणून तर चुना संपेना. मी बोलले, बरंच बोलले. पण पोरांना वाटलं, बाई भाच्याच्या पुस्तकावर चिडल्यात, घरातलं भांडण असेल. ठरलं ते ठरलं. वर दुसरा ठराव झाला, की पाचव्या दिवशी कीर्तनाआधी लेखक अमृत यांचा सत्कार करायचा आणि त्यांच्या मावशीने वाचक म्हणून पुस्तकावर दोन शब्द बोलायचे.

मेहबूबला सांगायला मात्र कुणी पुढे होईना. गेल्या वर्षी काल्याला, सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, त्याला रीतसर नारळ दिलेला, म्हणजे यंदाचं काम त्याचं ठरलेलं. दिलेला नारळ कुणी परत मागत नाही. मग कुणी काहीच सांगायचं नाही, आपोआप कळेल, असं चाललं होतं. माझ्या अंगाची आग झाली. पहिल्या दिवशी तो पेटी बांधून येणार आणि मंडपात दुसऱ्याचे बॉक्स बघणार. म्हटलं, मी जाते.

दुसऱ्या दिवशी एसटीने जुन्नरला गेले. मेहबूब दुकानात पंखा उघडून बसला होता. मला बघून उठला, खुर्ची पुसली, आत हाक मारून चहा सांगितला. दुकानामागेच घर. त्याची बायको ताजबी पडद्याआडून म्हणाली, या आक्का, बरं झालं आलात. मी कसं काढावं बोलणं म्हणून घुटमळत होते, तर तोच म्हणाला, की बुशराने सगळं वाचून दाखवलंय. बुशरा त्याची नात, कॉलेजात मराठी विषय घेऊन शिकते. पोरीने तीन संध्याकाळी बसून आजोबाला ते पुस्तक वाचून दाखवलं.

“लई भारी लिवलंय,” तो म्हणाला. “ताजबी इचारती, त्या पुस्तकातला दुबईचा बंगला कुनाच्या नावावर केलाय.”

“आन् ती दुसरी बायकू कुठं ठेवलीय, ते बी इचारा आक्का,” ताजबी आतून म्हणाली.

मी हसले. हसताना रडायला येईल असं वाटलं, म्हणून चहा तोंडाला लावला. मेहबूबने पंख्याचा स्क्रू बशीत ठेवला आणि मी काही बोलायच्या आत सांगितलं, की यंदा तो येत नाही.

“पोरं माज्या हाताकडं बगत बसत्याल, आक्का. वायर कुठनं कुठं गेली, बोट कितींदा आपटलं. आन् बगतायत म्हनल्यावर हात थरथरनारच. मग म्हनत्याल, बगा.”

मी म्हटलं, माझ्या घरातून गेली ही गोष्ट. तो म्हणाला, ते त्याला ठाऊक आहे, आणि मी महाराजांना काय सांगायची तेही ठाऊक आहे. एका महाराजांनीच त्याला बोलून दाखवलं होतं, तुझी बहीण तुला फार जपते म्हणून. इतकी वर्षं याला माहीत होतं आणि याने एका शब्दाने दाखवलं नाही. मग तो एकदम तापला. त्याला चिडलेलं मी पहिल्यांदा बघितलं, आणि तेसुद्धा आवाज खालीच.

“चौकीत न्हेलं ते त्यानं लिवलं. कुनी सोडवून आनलं ते न्हाई लिवलं. का न्हाई लिवलं? बहिरूभाऊ, भिमाजीभाऊ, तुमचं मालक, हे त्याच्या गोष्टीत बसत न्हवतं का?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगायची मला लाज वाटली. अमृतला ते माहीतच नसणार. महाराजांना मी फक्त काय टाळायचं ते सांगायची. चांगलं घडलेलं टाळायला सांगायचं कारणच नव्हतं, म्हणून ते माझ्या तोंडून कधी निघालंच नाही. आम्ही मेहबूबची लाज झाकली आणि त्याच पांघरुणाखाली आमचं माणूसपणही झाकून टाकलं. गोरखला त्याच्या बापाने सांगितलं नाही, भिमाजीने नातवंडांना सांगितलं नाही. मग पोरांच्या हाती लागलं ते अर्धंच.

मी मेहबूबला म्हटलं, की मला वाडीपुढे बोलायचंय. तुमची परवानगी असेल तर सगळं सांगते, नसेल तर एक अक्षर बोलणार नाही. त्याने वायरीचं वेटोळं करून बाजूला ठेवलं.

“अर्धं छापून आलंच हाय. ऱ्हायलेलं तुमी सांगा. फकस्त माजी कीव यील असं सांगू नका.”

सप्ताह बसला. मंचरहून मोठाले काळे बॉक्स आले, दिव्यांची माळ असलेले. पाचव्या दिवशी कीर्तन कळंबच्या दादाभाऊ महाराजांचं होतं. ते दुपारीच आले, आणि अमृतही पुण्याहून गाडी घेऊन आला. दोघांची ताटं शेजारी शेजारी मांडली. अमृत माझ्या पाया पडला, बारीक झालीस म्हणाला, पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघतेय म्हणाला. मी वाढत राहिले. तळहाताची आग होईपर्यंत भाकरी थापल्या होत्या, राग कुठेतरी काढायला हवा म्हणून.

दादाभाऊ महाराजांनी भात कालवला आणि नेहमीसारखं विचारलं, “आक्का, आज काय टाळायचं?”

“आज काही टाळू नका महाराज. जे टाळायचं होतं ते छापून आलंय.”

अमृतचा घास हातातच राहिला. महाराजांना काही माहीत नव्हतं, म्हणून मी पोळी वाढावी तसं एकेक सगळं त्यांच्यापुढे वाढलं: नख, टिचक्या, चौकी, मंचरचा माईक. अमृत मध्येच म्हणाला, की मावशी, ती कादंबरी आहे, नाव बदललंय, मकबूल हा मकबूल आहे, मेहबूबकाका नाहीत. आणि शेवटी मकबूलला पश्चात्ताप होतो, तो रणजितला वाचवताना मरतो, वाचकांना तोच सगळ्यात जास्त आवडलाय.

“म्हणजे आधी मारलास आणि मग चांगला केलास,” मी म्हटलं. “जिवंतपणी चांगला असलेला चालत नव्हता का तुला?”

“मावशी, तशी गोष्ट होत नाही. वाचकाला संशय यायला लागतो.”

“आलाय ना. मंडपात जाऊन बघ, कसा आलाय.”

महाराजांनी पाण्याचा घोट घेतला. शांतपणे त्यांनी अमृतला विचारलं, की दृष्टांतातला माणूस समोर बसलेला असला तर आम्ही दृष्टांत बदलतो. तुमच्यात काय करतात? अमृत म्हणाला, आमच्यात माणूस समोर नसतो महाराज, वाचक एकटाच वाचतो.

“मग तर जास्त जपायला पायजे,” महाराज म्हणाले. “समोर असता तर तोंडावर चार शब्द बोलला तरी असता.”

मी अमृतला म्हटलं, अजून ऊन आहे, गाडी आहे, जुन्नर जवळ आहे. चल माझ्याबरोबर आणि ते प्रकरण मेहबूबपुढे बसून तुझ्या तोंडाने वाचून दाखव. त्याच्या नातीने वाचलंय, आता तू वाच. त्याने ताट पुढे सारलं. म्हणाला, लेखकाने असं घरोघर जाऊन खुलासे करायचे नसतात. मग आणखी हळू आवाजात म्हणाला, मला नाही जमणार, मावशी. हे दुसरं वाक्य तरी खरं होतं. पण मला त्याने दया आली नाही. लिहायला जमलं होतं.

संध्याकाळी मंडप भरला. स्टेजवर अमृत, भिमाजी, दादाभाऊ महाराज. टाळकरी मागे उभे. गोरखने माईकमध्ये दोनदा जोरात फुंकर मारली आणि माझं नाव पुकारलं. शाल माझ्या हाताने घालायची होती. मी शाल टेबलावरच ठेवली.

मी सांगितलं, की मी या पुस्तकाची वाचक म्हणून बोलते आहे. पुस्तक कुठे कुठे आवडलं तेही सांगितलं, नाणेघाटाचं, बाजाराचं, कीर्तनाचं. अमृतची मान थोडी वर आली. मग म्हटलं, यात एक पान अपुरं आहे, लेखकाला ते मिळालं नव्हतं, ते मी आता वाचते. माझ्या हातात कागद नव्हता.

त्या वर्षीची गोष्ट मी जशी माझ्या मालकांकडून ऐकली होती तशी सांगितली. मेहबूबला नेल्याचं कळलं तेव्हा इथे मंडपाचे खड्डे खणणं चालू होतं. खोरी तिथेच टाकून माणसं टेंपोत बसली. चौकीत कुणी दाद देईना, मग सगळे ओट्यावर बसून राहिले. भजनाची वेळ झाली. भजन चुकवायचं नाही, म्हणून तिथेच बसल्या जागी, टाळ नव्हते तर टाळ्या वाजवून म्हटलं. मोठे साहेब बाहेर आले. चौकशीत काहीच निघालं नव्हतं, सोडायचं होतंच, पण म्हणाले, उद्या पुन्हा लागला तर हजर करण्याची हमी कोण घेतो? जो हमी घेईल त्याच्यावरही संशय येईल, असंही म्हणाले.

“एक माणूस पुढे झाला,” मी म्हटलं. “म्हणाला, लिवा माजं नाव. गोरख, ते नाव बहिरू होतं. तुझा बाप.”

गोरख खांबाला टेकून उभा होता, तो तसाच राहिला. बहिरूला जाऊन दोन वर्षं झाली आहेत. मी भिमाजीकडे वळून म्हटलं, मी एक शब्द खोटा बोलले असेन तर इथेच सांगा. म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून उठला. बैठकीत चुना लावत बसलेला माणूस तो हाच, म्हणून मला त्याचाही राग होता आणि तो उठला म्हणून काही लगेच गेला नाही.

“खरं हाय,” तो म्हणाला. “मी बी व्हतो. आन् बैठकीत बोललो न्हाई, ते बी खरं हाय.”

मी शेवटी एवढंच बोलले, की मेहबूबची कीव करू नका, त्याने सांगितलंय. कीव करायचीच तर आमच्या पिढीची करा. आम्हाला वाटलं, वाईट झाकलं की चांगलं आपोआप उरतं. आणि अमृत, तुझा सत्कार मी करणार नाही. कुणाला करायचा तर शाल टेबलावर आहे.

शाल कुणी उचलली नाही. अमृत माईकपाशी आला. मावशी म्हणते ते सगळं खरं आहे, मला अर्धंच माहीत होतं आणि अर्ध्यावर मी लिहायला नको होतं, असं म्हणाला. तिथे थांबला असता तर मी त्याला जवळ घेतलं असतं. माझ्या मांडीवर वाढलेला पोरगा आहे तो. पण पुढे म्हणालाच, की तरीही कादंबरीकडे कादंबरी म्हणून बघावं, ही विनंती. नवीन आवृत्तीत तो परिच्छेद काढीन म्हणाला. खपलेल्या दोन आवृत्त्यांचं काय करणार, ते बोलला नाही. कीर्तनाला न बसता त्याची गाडी गेली. दादाभाऊ महाराजांनी त्या दिवशी जे निरूपण केलं ते मला आठवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कीर्तनात बसून काही ऐकलं नाही, कानांत माझाच आवाज घुमत होता.

दुसऱ्या दिवशी भिमाजी आणि गोरख जुन्नरला गेले. मेहबूबने दोघांना चहा पाजला. बहिरूचं सगळं गोरखने त्याच्याकडून पुन्हा ऐकलं, असं भिमाजी सांगत होता. चौकीत बहिरूने अंगातली बंडी काढून मेहबूबला कशी दिली, तेसुद्धा, जे मलाही माहीत नव्हतं. पण माईकचं विचारल्यावर मेहबूब नाही म्हणाला. ज्याचा सेट लागलाय त्याचं काम मध्येच काढून घ्यायचं नसतं, त्या मंचरच्या पोराने काय केलंय? त्यांनी फारच आग्रह धरल्यावर म्हणाला, काल्याच्या कीर्तनाला येतो, ऐकायला.

आणि आला. ताजबीला घेऊन, पिवळ्या स्कूटरवर, मागे पेटी नाही. इतक्या वर्षांत तो आमच्या मंडपात कधी बसलेला मी बघितला नव्हता. कायम कोपऱ्यात उभा, एक कान बॉक्सकडे. पुरुषांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत त्याला जागा करून दिली. ताजबी माझ्याशेजारी बसली. तो मांडी घालून बसला खरा, पण हातांचं काय करावं ते त्याला कळेना. गुडघ्यावर ठेवले, मांडीत घेतले, शेवटी छातीशी बांधले.

काल्याचं कीर्तन रंगात आलं. महाराज गोपाळांच्या शिदोऱ्यांचं वर्णन करत होते, कुणी काय आणलं आणि देवाने कुणाचं उष्टं खाल्लं, आणि माणसं पुढे सरकून ऐकत होती. तेवढ्यात माईक कुईं करून ओरडायला लागला. मंचरचा पोरगा बटणं फिरवत सुटला. आवाज गेला, पुन्हा आला, आणखी कर्कश आला. मंडपातली झाडून सगळी डोकी मेहबूबकडे वळली. म्हातारी वळली, पोरं वळली, ज्यांनी त्याच्या पानाचे फोटो पुढे पाठवले होते तेही वळले.

मेहबूब समोर महाराजांकडे बघत राहिला.

गोरख वाकून, माणसांच्या रांगांतून वाट काढत त्याच्यापाशी आला आणि उकिडवा बसून कानाशी काहीतरी बोलला. चाचा, जरा बघता का, असंच असणार. मेहबूबने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला शेजारी खाली बसवलं. मला त्याचं बोलणं ऐकू आलं, कारण तेवढ्यात माईकचा आवाज पुन्हा गेला होता आणि महाराज श्वास घ्यायला थांबले होते.

“बस जरा. कीर्तन चालू हाय, मधी उठू नये.”

महाराजांनी माईक हाताने बाजूला सारला आणि तसंच, उघड्या आवाजात पुढे सुरू केलं. मागच्यांना ऐकू येईना, म्हणून ते जवळ सरकले, मग सगळाच मंडप पुढे सरकला. गोरख बसला होता तिथेच बसून राहिला, मेहबूबच्या गुडघ्याला गुडघा लावून.